याजकपुत्र योसेफस

प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकाच्या पांचव्या अध्यायांत गमलियेल गुरूनें सभेपुढें जें भाषण केलें त्यांत थुदास व गालीलकर यहूदा अशीं दोन नांवें येतात; आणि एकविसाव्या अध्यायांत रोमी सरदार पौलाला पकडल्यावर हा तो बंडखोर मिसरी तर नव्हे, अशी शंका घेतो. हे अध्याय आमच्या मंडळ्यांत वाचले जातात तेव्हां एखादा चौकस ऐकणारा हे तिघे कोण असें उपदेशकास विचारतो, आणि उपदेशकास बहुधा इतकेंच सांगतां येतें कीं, ते कोणी बंड करणारे होते. यांच्याविषयीं शास्त्राबाहेर जें कांहीं आज ठाऊक आहे तें जवळ जवळ सर्व एकाच मनुष्याच्या लेखणींतून आलें आहे. तो मनुष्य ख्रिस्ती नव्हता. तो यहूदी याजक होता, रोमी सरकाराशीं लढलेला सेनापति होता, आणि पुढें त्याच सरकाराच्या अन्नावर राहिलेला ग्रंथकार होता. त्याचें नांव योसेफस. त्याचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण मशीहाची वाट पाहणाऱ्या लोकांत तो जन्मला, लोकांस तारावयास उठलेल्या कितीएकांचा शेवट त्यानें लिहून ठेविला, आणि एके दिवशीं आपला जीव वांचविण्याकरितां तें महान वचन त्यानें एका मूर्तिपूजक सेनापतीच्या पदरांत टाकलें.

योसेफसाचा जन्म यरुशलेमांत इ. स. ३७ च्या सुमारास झाला. प्रभु येशूच्या वधस्तंभावरील मरणास तेव्हां फार वर्षें लोटलीं नव्हतीं, आणि ज्या रस्त्यांनीं प्रेषित चालले त्याच रस्त्यांवर तो लहानाचा मोठा झाला. त्याचा बाप मत्तिया हा याजकांच्या २४ वर्गांपैकीं पहिल्या वर्गांतला होता, आणि आईकडून आपलें रक्त मक्काबी घराण्याच्या राजांशीं मिळतें असें तो अभिमानानें सांगतो. आपण १४ वर्षांचे असतां मुख्य याजक व शहरांतील थोर गृहस्थ नियमशास्त्रांतील कठीण प्रश्न विचारावयास आपणाकडे येत, असेंही त्यानें लिहून ठेविलें आहे. स्वतःविषयीं लिहितांना त्याचा हात कधीं आखडत नाहीं, हें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत ठेवावें.

सोळाव्या वर्षीं परूशी, सदूकी व एसेनी या तिन्ही पंथांची परीक्षा करावी असें त्याच्या मनांत आलें. मग बन्नुस नांवाच्या एका तपस्व्याजवळ तो रानांत ३ वर्षें राहिला. हा बन्नुस झाडापासून मिळेल तें अंगावर घेई, आपोआप उगवेल तें खाई, आणि शुद्धतेसाठीं रात्रंदिवस थंड पाण्यानें स्नान करी. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची आठवण येथें कोणास होणार नाहीं? एकोणिसाव्या वर्षीं योसेफस शहरांत परतला व परूश्यांच्या रीतीनें चालूं लागला. सोळा ते एकोणीस हीं वर्षें तीनच होतात, आणि तीं सर्व बन्नुसाजवळ गेलीं असें तोच म्हणतो. मग तिन्ही पंथांचा अभ्यास केव्हां झाला, हें गणित त्यानें सोडवून ठेविलेलें नाहीं.

त्या काळीं यहूदी लोकांची स्थिति काय होती हें कळल्यावांचून पुढची गोष्ट समजणार नाहीं. इ. स. पूर्वीं ६३ या वर्षीं पाँपी सेनापतीनें यरुशलेम घेतलें तेव्हांपासून देश रोमच्या सत्तेखालीं होता, आणि इ. स. ६ पासून यहूदियाचा कारभार रोमनें आपल्या सुभेदाराच्या हातीं दिला. त्या वेळीं क्विरीनिय यानें पट्टी बसविण्यासाठीं लोकांची व मालमत्तेची नोंद केली, तेव्हां गालीलकर यहूदा उठला. आणि देवावांचून आम्हांस धनी नाहीं, कैसराची पट्टी मान्य करणें म्हणजे दास होणें होय, असें तो शिकवूं लागला. शेतकऱ्यावर रोमची पट्टी, मंदिराचे दशमांश, आणि पीक बुडालें कीं सावकाराचें कर्ज. अशा लोकांच्या कानांवर शब्बाथामागून शब्बाथ सभास्थानांत मोशेचें व संदेष्ट्यांचें वचन पडत असे. देव आपल्या अभिषिक्ताला, म्हणजे मशीहाला, पाठवील ही आशा त्या वचनांनीं जिवंत ठेविली होती.

ही आशा सर्वांची एकसारखी होती असें मात्र समजूं नये. कोणी दाविदाच्या वंशांतील राजाची वाट पाहत, कोणी मोशेसारख्या संदेष्ट्याची; आणि १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत जे प्राचीन लेख सांपडले त्यांत तर अहरोनाचा एक व इस्राएलाचा एक असे अभिषिक्त येतील असें लिहिलेलें आढळतें. प्रभूचे शिष्य स्वतः यहूदी होते, आणि पुनरुत्थानानंतरही इस्राएलाचें राज्य आतांच परत मिळणार काय, असें त्यांनीं प्रभूला विचारलें, हें कृत्यांच्या पहिल्याच अध्यायांत आहे. म्हणून त्या लोकांस आम्हीं दुरून हंसणें बरें नव्हे.

फादस हा सुभेदार असतां, म्हणजे इ. स. ४४ ते ४६ च्या दरम्यान, थुदासानें पुष्कळ लोकांस आपली चीजवस्त घेऊन यार्देनेकडे चला असें सांगितलें. माझ्या आज्ञेनें नदी दुभंगेल व तुम्ही कोरड्या वाटेनें पार जाल, असें त्याचें वचन होतें. फादसानें घोडेस्वार पाठविले. कांहीं मारले गेले, कांहीं धरले गेले, आणि थुदासाचें मस्तक यरुशलेमास आणण्यांत आलें. (गमलियेलाच्या भाषणांत थुदास हा यहूदाच्या आधींचा आहे व योसेफसाच्या ग्रंथांत तो ४० वर्षांनीं नंतरचा आहे. या नांवाचे दोघे होते कीं कोणाच्या तरी लेखांत क्रम बदलला, यावर विद्वानांचा वाद फार जुना आहे. त्यांत आम्ही येथें शिरत नाहीं.) पुढें फेलिक्साच्या वेळीं तो मिसरी आला. त्यानें लोकांस रानांतून जैतुनांच्या डोंगरावर नेलें, आणि माझ्या शब्दासरशी यरुशलेमची भिंत कोसळेल असें सांगितलें. फेलिक्साचे शिपाई त्यांच्यावर पडले; शेंकडों लोक मेले, आणि तो मिसरी निसटून गेला. कृत्यांत त्याचे लोक ४,००० सांगितले आहेत. योसेफस एके ठिकाणीं ३०,००० म्हणतो. संख्या वाढविण्याची त्याला खोडच होती.

यार्देन, रान, कोसळणारी भिंत. मोशेनें लोकांस रानांतून नेलें, यहोशवापुढें यार्देन दुभंगली व यरीहोची भिंत पडली, हें आमच्या शब्बाथशाळेंतील मुलांस देखील ठाऊक आहे. ते शेतकरी वेडे नव्हते. देवानें पूर्वीं जें केलें तेंच तो पुन्हां करील असें त्यांनीं मानलें, आणि त्या विश्वासानें घरेंदारें सोडून ते निघाले. योसेफस अशा पुढाऱ्यांस ठक व भोंदू म्हणतो. त्यांतले कांहीं तसे असतीलही. पण योसेफसाच्या घरीं जमीन होती, याजकपणाचें उत्पन्न होतें, आणि तो हें सर्व लिहीत होता तेव्हां कैसराच्या घरांत बसला होता. ज्याला गमवावयाचें असतें त्याच्या डोळ्यांस उपाशी मनुष्याची आशा नेहमीं मूर्खपणाचीच दिसते. यास्तव त्याची साक्ष घ्यावी, पण त्याचीं विशेषणें तपासून घ्यावीं, असें आमचें मत आहे.

सव्विसाव्या वर्षीं योसेफस रोमेस गेला. फेलिक्सानें कांहीं याजकांस क्षुल्लक आरोपावरून बेड्या घालून कैसराकडे पाठविलें होतें. अशुद्ध अन्न नको म्हणून ते बंदींत अंजीर व कवचीचीं फळें खाऊन राहत. त्यांच्या सुटकेसाठीं हा निघाला. अद्रिया समुद्रांत जहाज बुडालें. जहाजावर सुमारें ६०० माणसें होतीं. तीं रात्रभर पोहत राहिलीं, आणि पहांटे कुरेने येथील एक जहाज दिसलें त्यानें त्यांतल्या ८० जणांस वर घेतलें. पौलाचा प्रवास याच पाण्यांतून, याच वर्षांच्या आसपास झाला, व तोही फेलिक्साचाच बंदिवान होता. योसेफस पुत्युलास उतरला. तेथें एका यहूदी नटाची ओळख झाली, त्याच्या वशिल्यानें तो नीरोची राणी पप्पेया हिच्यापर्यंत पोहोंचला, आणि याजक सुटले. तो बक्षिसें घेऊन परतला. परंतु रोमचें वैभव व सामर्थ्य त्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें, आणि तें तो मरेपर्यंत विसरला नाहीं.

देशांत परततो तों बंडाची तयारी झालेली. इ. स. ६६ त फ्लोरस सुभेदारानें मंदिराच्या भांडारांतून १७ तलंत काढून नेले, तेव्हां लोक खवळले. कैसरासाठीं रोज होणारें अर्पण बंद करण्यांत आलें. यरुशलेमांत दप्तरखान्याला आग लावून सावकारांचे कर्जरोखे जाळून टाकले. त्या गालीलकर यहूदाच्या वंशांतला मनहेम मसादा किल्ल्यांतून हत्यारें घेऊन आला व राजासारखा शहरांत शिरला. राजवस्त्रें घालून तो मंदिरांत गेला, तेव्हां दुसऱ्या बंडखोरांनींच त्याला ठार केलें. सूरियाचा अधिकारी सेस्तियस मोठें सैन्य घेऊन आला, पण परत जातांना बेथ-होरोनच्या खिंडींत त्याचे ५,००० हून अधिक लोक पडले. त्या जयानें शहाण्यांचें डोकें देखील फिरलें. योसेफस, वय सुमारें ३०, गालीलाचा सेनापति नेमला गेला. गालीलांतील त्याच्या भांडणांचें वर्णन त्यानें फार लांबविलें आहे, तें आम्ही गाळतों. एक युक्ति मात्र सांगण्याजोगी आहे: तिबिर्या शहर उलटलें तेव्हां जवळ शिपाई नसतां त्यानें गालीलाच्या सरोवरावरील २३० मचवे गोळा केले, प्रत्येकांत चारच खलाशी बसविले, आणि ते किनाऱ्यापासून दूर उभे केले. शहरच्या लोकांस वाटलें कीं सैन्य भरून आलें आहे, आणि ते शरण आले.

इ. स. ६७ त वेस्पासियन सेनापति साठ हजारांच्या सैन्यानिशीं गालीलांत उतरला. योसेफस योतापाता नांवाच्या डोंगरी गांवांत कोंडला गेला. गांवानें ४७ दिवस वेढा सोसला. पाणी संपत आलें तेव्हां त्यानें भिंतीवर ओलीं वस्त्रें टांगून पाण्याची कांहीं उणीव नाहीं असें शत्रूस भासविलें. शेवटीं एका पहांटे पाहारेकरी झोंपीं गेले असतां रोमी आंत शिरले, आणि पुढें कत्तल झाली. योसेफस एका विहिरीच्या बाजूच्या गुहेंत लपला. तेथें शहरांतील ४० प्रमुख लोक आधींच दडून बसले होते. तिसऱ्या दिवशीं एका स्त्रीकडून रोमी लोकांस पत्ता लागला, आणि वेस्पासियनानें शरण ये, जीव राखूं, असा निरोप पाठविला. पाठविलेल्यांत निकानोर हा योसेफसाच्या जुन्या ओळखीचा होता.

तो जावयास निघाला तेव्हां सोबत्यांनीं तरवारी उपसल्या. ज्यानें इतक्यांस स्वातंत्र्यासाठीं मरावयास लाविलें त्यानें आतां दास होऊन जगावें काय, असें त्यांनीं विचारलें. आत्महत्या हें देवाविरुद्ध पाप आहे असें त्यानें पुष्कळ सांगून पाहिलें. तें कोणीं ऐकेना. मग त्यानें चिठ्ठ्या टाकण्याची युक्ति काढली: ज्याची चिठ्ठी निघेल त्याला पुढच्यानें मारावें, म्हणजे कोणाचा हात स्वतःवर पडणार नाहीं. एकामागून एक सर्व पडले. शेवटीं योसेफस व आणखी एक असे दोघे उरले. हें दैवानें झालें म्हणा कीं देवाच्या योजनेनें, असें तो लिहितो. चिठ्ठ्या कोणाच्या हातांत होत्या हें लिहीत नाहीं. त्या उरलेल्या मनुष्यास त्यानें जगण्यास राजी केलें, आणि दोघे बाहेर आले. त्या ३९ मेलेल्यांविषयीं आम्हांस त्याच्या पुस्तकांत पश्चात्तापाचा एक शब्दही आढळला नाहीं.

वेस्पासियन त्याला नीरोकडे पाठविणार होता. नीरोपुढें जाणें म्हणजे मरण. तेव्हां योसेफसानें एकांतांत बोलूं द्यावें अशी विनंती केली, आणि मी देवाचा निरोप्या म्हणून आलों आहें, तूं व तुझ्यामागें तुझा पुत्र तीतस कैसर होणार, असें त्या सेनापतीस सांगितलें. वेस्पासियन प्रथम हें खुशामत समजला. पण त्यानें त्याला ठेवून घेतलें. दोन वर्षें योसेफस साखळींत राहिला. मध्यंतरीं नीरो मेला, एकामागून एक तीन कैसर झाले, आणि इ. स. ६९ च्या जुलैंत पूर्वेकडील पलटणींनीं वेस्पासियनाची द्वाही फिरविली. तेव्हां बंदिवानाचें बोलणें आठवलें. तीतसाच्या सांगण्यावरून त्याची साखळी नुसती सोडली नाहीं, तर कुऱ्हाडीनें तोडली. अन्यायानें बांधलेल्या मनुष्याची साखळी अशी तोडण्याची रोमी लोकांत चाल होती.

या भविष्याच्या मुळाशीं काय होतें हें त्यानें दुसऱ्या एका जागीं सांगितलें आहे. यहूदी लोकांच्या पवित्र लेखांत असें वचन होतें कीं, त्या समयास त्यांच्या देशांतून कोणी तरी निघून सर्व जगाचा राजा होईल. लोकांस युद्धास उठविणारें मुख्य कारण हेंच वचन होतें, असें तो म्हणतो. आणि पुढें सांगतो कीं लोक चुकले, शास्त्री चुकले, कारण तें वचन वेस्पासियनाविषयीं होतें, जो यहूदियांत असतां कैसर झाला. तासितस व सुएतोनियस या रोमी इतिहासकारांनींही हा अर्थ खरा धरला आहे. वाचकांनीं क्षणभर थांबून विचार करावा. अब्राहामापासून ज्या आशेवर त्याचें राष्ट्र जगलें, जिच्यासाठीं थुदासामागून शेतकरी यार्देनेवर गेले, ती आशा याजकाच्या मुलानें अशा माणसाला अर्पण केली ज्याच्या निशाणांपुढें शिपाई बळी देत. त्यानें हें भयानें केलें कीं रोमचें बळ पाहून तें देवाचेंच काम आहे अशी त्याची खरोखर समजूत झाली? आम्हांस वाटतें दोन्ही होतें. बळ कोणाच्या बाजूला आहे तें पाहून देव त्याच बाजूला आहे असें ठरविणें हें योसेफसापाशीं संपलें नाहीं. ख्रिस्ती नांवाच्या राष्ट्रांनींही तें पुष्कळदां केलें आहे.

इ. स. ७० च्या वल्हांडणाच्या सुमारास तीतसानें चार पलटणींसह यरुशलेमास वेढा घातला. सणासाठीं आलेले यात्रेकरू आंत अडकले. ख्रिस्ती मंडळी त्यापूर्वींच शहर सोडून यार्देनेपलीकडे पेल्ला येथें गेली होती असें युसेबियस हा मंडळीचा इतिहासकार लिहितो; हें कितपत खरें यावर अलीकडे शंका घेतली जाते. आंत बंडखोरांचे पक्ष आपसांत लढत होते, व त्यांनीं धान्याचीं कोठारें स्वतःच जाळलीं. योसेफस भिंतीभोंवतीं फिरून आपल्या भाषेंत शरण या म्हणून ओरडत असे. एकदां वरून दगड येऊन त्याला लागला व तो बेशुद्ध पडला. तो मेला अशी बातमी शहरांत पसरली, आणि लोकांनीं आनंद केला. त्याची आई आंत बंदिशाळेंत होती. तिनें पाहारेकऱ्यांपुढें दुःख दाखविलें नाहीं; एकीकडे मात्र आपल्या दासींजवळ ती रडली कीं असल्या मुलाला पुरण्याचेंही आपल्या नशिबीं नाहीं. हा प्रसंग त्यानें स्वतःच लिहिला आहे, आणि त्यामुळें आम्हांस त्याच्याविषयीं थोडें बरें वाटतें.

हनन्याचा पुत्र येशू म्हणून एक खेडवळ शेतकरी होता, त्याची गोष्ट आमच्या गांवच्या वाचकांसाठीं घेतों. युद्धाच्या चार वर्षें आधीं, इ. स. ६२ च्या मंडपांच्या सणांत, शहरांत सुबत्ता असतां तो मंदिरांत उभा राहिला व यरुशलेमाला हाय हाय म्हणून ओरडूं लागला. पुढाऱ्यांनीं त्याला मारलें. रोमी सुभेदार अल्बिनस यानें हाडें उघडीं पडेपर्यंत फटके मारविले. तो रडला नाहीं, कोणास शिव्या दिल्या नाहींत, प्रत्येक फटक्यास तेंच विलापाचें वचन बोलला. वेडा समजून त्याला सोडून दिलें. सात वर्षें व पांच महिने तो तें ओरडत राहिला, भाकर देणाऱ्यास आशीर्वाद दिला नाहीं व मारणाऱ्यास शाप दिला नाहीं. वेढ्यांत एके दिवशीं भिंतीवर चालतां चालतां आपणालाही हाय म्हणाला, आणि रोमी यंत्राचा धोंडा लागून तेथेंच मेला. मशीहा आपण आहों असें तो कधीं म्हणाला नाहीं, व त्याच्यामागें कोणी गेलें नाहीं.

ऑगस्टांत मंदिर पेटलें. तीतसाची इच्छा नव्हती, एका शिपायानें जळतें लाकूड फेंकलें, असें योसेफस सांगतो; तो तीतसाच्या घरचें खात होता हें लक्षांत असूं द्यावें. मंदिर जळत असतां एका भविष्यवाद्यानें लोकांस सांगितलें कीं, देव आज सुटकेचीं चिन्हें दाखविणार, मंदिरांत वर चला. स्त्रिया व मुलें यांसह ६,००० जण बाहेरच्या अंगणांतील ओवरीवर चढले. शिपायांनीं खालून आग लाविली. एकही वांचला नाहीं. वेढ्यांत एकंदर ११ लक्ष मेले असें तो लिहितो. एवढी माणसें त्या भिंतींच्या आंत मावलीं असतीं असें आम्हांस वाटत नाहीं, पण या ६,००० वर विश्वास ठेवावासा वाटतो. या नाशाची गोष्ट सांगतांना यहूदी लोकांस शाप देण्याची कित्येक उपदेशकांस संवय होती. ज्या शहराकडे पाहून प्रभु रडला त्याच्या राखेवर त्याच्या लोकांनीं टाळ्या वाजवाव्या हें आम्हांस कधींच पटलें नाहीं.

तीतसानें योसेफसास काय पाहिजे तें माग म्हणून सांगितलें. त्यानें माणसें व पवित्र पुस्तकें मागितलीं. आपला भाऊ व ५० मित्र त्यानें सोडविले. मंदिरांत कोंडलेल्या बायकामुलांपैकीं ओळखीचीं सुमारें १९० सोडविलीं. मग तकोवा गांवाहून परततांना रस्त्याच्या कडेस वधस्तंभांवर पुष्कळ बंदिवान टांगलेले त्यानें पाहिले, आणि त्यांत तिघे ओळखीचे निघाले. रडत तो तीतसाकडे गेला. तिघांस खालीं काढून वैद्यांच्या हवालीं केलें. दोघे मेले, एक जगला. आमच्या मतें योसेफसाच्या साऱ्या आयुष्यांत याहून चांगला दिवस नाहीं.

बंडखोरांचा शेवटला मोठा पुढारी शिमोन बार गिओरा यानें दासांस मोकळें करण्याचें वचन दिलें होतें. तो जमिनीखालच्या भुयारांत उतरला. अन्न संपल्यावर शुभ्र अंगरखा व जांभळा झगा घालून, जेथें मंदिर होतें त्याच जागेवर भूमींतून वर आला. पाहणारे प्रथम दचकले. मग त्याला धरून रोमेस नेलें व इ. स. ७१ च्या विजयमिरवणुकीच्या अखेरीस ठार केलें. त्या मिरवणुकींत मंदिराचा सोन्याचा दीपवृक्ष होता. तीतसाच्या कमानीवर तो कोरलेला आजही रोमेंत दिसतो. मंदिराला जी वार्षिक पट्टी यहूदी देत ती रोमच्या यूपितर देवाच्या देवळास द्यावी असा हुकूम झाला.

योसेफस रोमेंत वेस्पासियनाच्या जुन्या घरांत राहूं लागला. नागरिकत्व, तनखा व यहूदियांत जमीन मिळाली. कैसराच्या घराण्याचें फ्लावियस हें नांव त्यानें धारण केलें. घरसंसार सुखाचा नव्हता. लग्नें मोडलीं, मुलें गेलीं. आणि ती आशा तेथेंही त्याचा पाठलाग करीत आली. कुरेने येथें योनाथान नांवाच्या एका कोष्ट्यानें गोरगरिबांस चिन्हें दाखवितों म्हणून रानांत नेलें. धरला गेल्यावर त्यानें योसेफसानेंच हत्यारें व पैसा पुरविला असा आरोप केला. वेस्पासियनानें चौकशी करून योसेफसास निर्दोष ठरविलें व त्या कोष्ट्यास जिवंत जाळलें.

त्यानें युद्धाचा इतिहास प्रथम आपल्या मातृभाषेंत, मग ग्रीक भाषेंत लिहिला. इ. स. ९३-९४ त उत्पत्तीपासून आपल्या काळापर्यंतचा यहूदी लोकांचा इतिहास २० भागांत पूर्ण केला, आणि शेवटीं स्वतःचें चरित्र व आपल्या धर्मावरील आक्षेपांस उत्तर अशीं दोन पुस्तकें लिहिलीं. त्याच्या लोकांनीं हे ग्रंथ जतन केले नाहींत. ख्रिस्ती मठवासी नकला करीत राहिले म्हणून ते राहिले. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला माखेरस किल्ल्यांत मारलें हें त्यांतच आहे, आणि हेरोदियेच्या मुलीचें शलोमी हें नांव, जें शुभवर्तमानांत नाहीं, तें त्यांतूनच आलें. फेस्त मेला व नवा सुभेदार येण्याच्या आधीं, इ. स. ६२ त, हन्न नांवाच्या प्रमुख याजकानें प्रभूचा बंधु याकोब यास धोंडमार करविला, आणि त्याबद्दल अग्रिप्पा राजानें त्याला तीनच महिन्यांत काढून टाकलें, हेंही तोच सांगतो.

प्रभु येशूविषयीं त्याच्या ग्रंथांत एक छोटा उतारा आहे, त्यांत येशू हाच ख्रिस्त होता असे शब्द सांपडतात. पूर्वीं उपदेशक हा उतारा मोठ्या आनंदानें वाचून दाखवीत. पण तिसऱ्या शतकांत ओरिगेन लिहितो कीं योसेफस येशूला ख्रिस्त मानीत नव्हता. आणि आज बहुतेक विद्वानांचें मत असें आहे कीं, येशू, त्याचे शिष्य व पिलातानें दिलेलें मरण यांविषयीं योसेफसानें कांहीं लिहिलें होतें, आणि कबुलीचे शब्द पुढें कोणा ख्रिस्ती लेखकानें घातले. आम्हांसही हेंच योग्य दिसतें. आमच्या प्रभूस खोट्या साक्षीची गरज नाहीं. एक गोष्ट मात्र खरी आहे: इतक्या बंडखोरांचीं, संदेष्ट्यांचीं व राजे होऊं पाहणारांचीं नांवें त्यानें लिहिलीं, पण ख्रिस्त हा शब्द त्याच्या सर्व ग्रंथांत या उताऱ्यांत व याकोबाच्या हकीकतींतच येतो. थुदासाला त्यानें तो लाविला नाहीं, शिमोनाला नाहीं, आणि वेस्पासियनालाही नाहीं.

मोठ्या इतिहासाच्या दहाव्या भागांत दानीएलाची कथा सांगतांना तो नबुखद्नेस्सराच्या स्वप्नाशीं येतो. सोन्याच्या मस्तकाची ती मूर्ति, तिचीं चांदीचीं, पितळेचीं व लोखंडाचीं अंगें, एकामागून एक येणारीं राज्यें, हें सर्व तो उलगडून सांगतो. मग कोणाचा हात न लागतां डोंगरांतून सुटलेला तो दगड येतो, जो मूर्तीचे पाय चूर करून सर्व पृथ्वी भरून टाकतो. रोमेंत त्याचे वाचक ग्रीक व रोमी होते, आणि लोखंडाचें राज्य कोणतें हें कोणासही ओळखतां आलें असतें. येथें योसेफस थांबतो. दानीएलानें राजाला त्या दगडाचा अर्थही सांगितला, परंतु आपलें काम झालेल्या गोष्टी लिहिण्याचें आहे, होणाऱ्या नव्हे, असें म्हणून तो अर्थ सांगण्याचें नाकारतो. आणि ज्याला जाणण्याची इच्छा असेल त्यानें दानीएलाचें पुस्तक काढून वाचावें, असें सुचवून तो पुढच्या अध्यायाकडे वळतो. वेस्पासियनाला जगाचें राज्य देऊन टाकल्यास तेव्हां पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. वेस्पासियन मेला होता, तीतसही मेला होता. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, इ. स. १०० च्या सुमारास, योसेफस वारला.